पांढरं जातंय, वास येतोय, पण खाज नाही. तीनदा गोळी घेतली तरी परत तेच

वडगावची सून

नमस्कार. इथं लिहू की नको असं करत आठ दिवस गेले. नाव घातलेलं नाही, तेवढं समजून घ्या.

मी बेळगावात वडगावला राहते. वय २९, दोन मुलं, धाकटा अडीच वर्षांचा. घरात दोन माग आहेत, ते नवरा आणि दीर बघतात. मी खडेबाजारात साड्यांच्या दुकानात कामाला जाते, सकाळी दहा ते रात्री आठ. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तांबी बसवून घेतली आहे.

दिवाळीच्या आधीपासून अंगावरून पांढरं जायलंय. तसं पूर्वीही दोन पाळ्यांच्या मधे थोडं जायचं, पण ते चिकट, बिनवासाचं असायचं आणि आपोआप थांबायचं. हे पाण्यासारखं पातळ आहे, जरा राखेच्या रंगाचं, आणि वास. बांगडे धुतल्यावर साबण लावूनही हाताला राहतो ना, तसला वास. पाळी संपत आली की वाढतो, नवऱ्याजवळ झोपलं की लगेच येतो. खाज अजिबात नाही. आग नाही, लघवीला जळजळ नाही.

दुकानात गादीवर बसून साड्या उलगडून दाखवायच्या असतात. समोर चार बायका अगदी जवळ बसलेल्या असतात. मी रंग सांगते, काठ सांगते, आणि मनात एकच चालू असतं की हिला वास येत असेल का. आता मी एक हात मागे सरकून बसते. मालकीणबाईंनी एकदा विचारलंसुद्धा, गिऱ्हाइकापासून लांब का बसतेस म्हणून. काय सांगणार?

आधी गल्लीतल्या मेडिकलमध्ये "पांढरं जातंय" एवढंच सांगितलं. त्यांनी १५० ची एक गोळी दिली, एकदाच घ्यायची. काही फरक नाही. महिन्यानं परत तीच, त्यानंतर आणखी एकदा तीच. मग एका खासगी दवाखान्यात गेले. तिथं तपासलं नाही, टेबलावरूनच विचारलं आणि गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं. पंधरा दिवस छान गेले. पाळी आली आणि पुन्हा पहिल्यासारखं.

सासूबाई म्हणतात, बाईची हाडं झिजून पांढरं पाणी होऊन जातं. त्यांनी डिंकाचे लाडू करून दिले, प्रेमानंच दिले. जाऊबाईंचं बोलणं मात्र मनाला लागलं. असलं कुणाला होतं ते माहीत आहे, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात जंतुनाशक घालून आतपर्यंत धुते. जाहिरातीतला वासाचा वॉशही आणला. धुतलं की तासभर बरं वाटतं.

शेवटी गेल्या गुरुवारी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या बाई डॉक्टरांनी नीट आतून तपासलं, कागदाची पट्टी लावली, काचेवर घेतलं. रिपोर्टवर आहे: पीएच ५.५, व्हिफ टेस्ट पॉझिटिव्ह, क्लू सेल्स दिसल्या, बुरशी नाही, ट्रायकोमोनास नाही. खाली "बॅक्टेरियल व्हजायनोसिस" आणि मेट्रोनिडाझोल सात दिवस. डॉक्टर कन्नडमधून समजावत होत्या. मला बाजारातलं कन्नड येतं, भाव करण्याएवढं. हे शब्द कुठले कळणार? मागं रांग होती, मान हलवून आले.

गोळ्या घरात आणून ठेवल्या आहेत, अजून सुरू केल्या नाहीत. हा गुप्तरोग आहे का? नवऱ्याकडून मला आला, की माझ्याकडून त्याला जाईल? तांबी काढावी लागेल? आणि मी एवढं धुते, तरी मलाच का?

निवृत्त सिस्टर, शहापूर

बाळ, आधी गोळ्या सुरू कर. आज रात्रीच्या जेवणानंतर पहिली घे. बाकीचं त्यानंतर वाच.

मी ३१ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली निम्म्याहून जास्त स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत. तुझ्यासारखी बाई रोज यायची. पदराचं टोक तोंडात धरून, आवाज खाली करून. तू जेवढं नीट लिहिलं आहेस ना, रंग, पातळपणा, वास कधी वाढतो, खाज नाही, तेवढं सांगणारी शंभरात एखादी. तू हे मेडिकलमध्ये सांगू शकली नाहीस, यात तुझी चूक नाही. काउंटरवर चार पुरुष उभे असताना कोण सांगणार?

"पांढरं जाणं" हा एक रोग नव्हे. ते नुसतं लक्षण आहे, ताप येतो तसं. त्यामागे मुख्यतः तीन गोष्टी असतात. बुरशी झाली तर दह्याच्या कवडीसारखं घट्ट जातं आणि खाजेनं जीव नकोसा होतो, वास फारसा नसतो. ट्रायकोमोनास नावाचा एक सूक्ष्म जीव असतो, त्यात पिवळट-हिरवट, फेसाळ जातं आणि आगही होते. हा मात्र संबंधातून येतो आणि नवरा-बायको दोघांनी औषध घ्यावं लागतं. तिसरा प्रकार तुझा, जिवाणूंचा, रिपोर्टवरचं "बॅक्टेरियल व्हजायनोसिस" ते हेच: पातळ, राखट, मासळीसारखा वास आणि खाज जवळजवळ नाही. मेडिकलवाल्यानं दिलेली १५० ची गोळी फ्लुकोनाझोल होती. ती बुरशीची. तुला बुरशी नव्हतीच, तर ती गोळी करणार काय? तीन नव्हे, तेरा घेतल्या असत्यास तरी वास तसाच राहिला असता.

आता आत काय होतं ते सांगते, कारण "मलाच का" याचं उत्तर त्यात आहे. तू घरी विरजण लावतेस ना? चांगलं विरजण असलं की दूध नासत नाही, आंबट होऊन टिकतं. आपल्या योनिमार्गात असंच एक विरजण देवानं लावून ठेवलेलं असतं. लॅक्टोबॅसिलस हे त्या जिवाणूंचं नाव, दह्यातल्यांचे भाऊबंदच. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आतली जागा आंबट ठेवतात. पीएच म्हणजे या आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. पीएच ३.८ ते ४.५ म्हणजे तो आंबटपणा ठीक आहे. तो टिकला तर बाकीचे जंतू डोकं वर काढत नाहीत. हे विरजण कमी झालं की गार्डनेरेला आणि हवेशिवाय वाढणारे आणखी कितीतरी जिवाणू माजतात. ते असे पदार्थ सोडतात, ज्यांना तो मासळीचा वास असतो. तुझा पीएच ५.५ आहे, म्हणजे आंबटपणा गेलेला आहे.

रक्त आणि वीर्य दोन्ही आम्लाच्या उलट गुणाचे. म्हणून पाळी संपताना आणि संबंधानंतर तो वास उसळतो. तू लिहिलंस ते शब्दाशब्दानं बरोबर आहे.

आणि धुणं. हे मी हात जोडून सांगते, आतून धुणं आजपासून बंद. जंतुनाशक पाण्याला तुझे जंतू आणि वाईट जंतू यातला फरक कळत नाही. ते पहिल्यांदा विरजणच मारतं. सकाळ-संध्याकाळ तू त्याच आंबटपणावर पाणी ओतत होतीस, म्हणून तासभर बरं वाटून परत जास्त व्हायचं. तू अस्वच्छ नाहीस गं. तू जास्तच धुतलंस. बाहेरचा भाग साध्या पाण्यानं धुवायचा, हवा तर सौम्य साबण, तोही फक्त बाहेर. वासाचा वॉश, पावडर, सुगंधी पॅड, काही नको. आतली जागा स्वतःला स्वतः साफ करते.

हाडं झिजून पांढरं होतं हे खरं नव्हे. सासूबाईंना दुखवू नकोस, लाडू खा, डिंक-खोबरं अंगाला चांगलंच आहे. पण हाडांचा आणि याचा काही संबंध नाही. ओपीडीत कंबर दुखते म्हणून येणाऱ्या बायकांच्या मनात हीच भीती असायची, आणि त्या भीतीनं जेवण तुटायचं.

हा गुप्तरोग आहे का, तर ज्याला आपण संबंधातून लागणारा रोग म्हणतो त्या यादीत हा सरळ धरत नाहीत. पण संबंधांशी याचं नातं आहे. ज्यांचे कधी संबंधच आले नाहीत त्यांना तो फार क्वचित होतो, नवीन जोडीदार आला की शक्यता वाढते. तरीही रिपोर्टवर हे आलं म्हणजे कुणी बाहेर गेलं असा अर्थ काढायचा नाही. जाऊबाईंच्या बोलण्याला काही आधार नाही. एकाच नवऱ्याबरोबर वीस वर्षं संसार केलेल्या बायकांनाही हे होतं, आणि कितीतरी जणींना होऊन काही जाणवतही नाही.

औषधाचं. मेट्रोनिडाझोल दिवसातून दोनदा, सात दिवस. अमेरिकेत ५०० मिलिग्रॅम लिहितात, आपल्याकडे ४०० ची गोळी जास्त मिळते, तुझ्या चिठ्ठीवर जी असेल ती. जेवणावर घे, नाहीतर मळमळतं. तोंडाला पितळेच्या भांड्यातलं ताक प्यायल्यासारखी चव येते, लघवी गडद होऊ शकते, घाबरू नकोस. तिसऱ्या दिवशीच वास जाईल आणि तुला वाटेल झालं. तिथं थांबू नकोस. सातही दिवस पुरे कर. रक्त पातळ करायची गोळी कुणी घेत असेल तर तिनं डॉक्टरांना आधी सांगायचं. पोटाला गोळी सोसत नसेल तर याच औषधाचं आत लावायचं जेल मिळतं, पाच रात्री. क्लिंडामायसिनचं क्रीमही मिळतं, सात रात्री. पण ते तेलकट असतं, त्या दिवसांत आणि पुढं पाचेक दिवस निरोध फाटू शकतो, हे कुणी सांगत नाही.

तांबी लगेच काढायची गरज नाही. तांबी असणाऱ्यांना हा त्रास थोडा जास्त दिसतो, पाळीत रक्त जास्त आणि जास्त दिवस जातं हेही एक कारण असेल. पण पहिला इलाज औषध. पुन्हापुन्हा होत राहिलं तर तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

एक सांगायचं राहिलं. ताप आला, ओटीपोटात सतत दुखलं, संबंधानंतर रक्त दिसलं, तर यातलं काही वाचत बसू नकोस, तडक जा. आणि पुढच्या वर्षी तिशी पूर्ण झाली की गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घे. सरकारी केंद्रात अॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी बघतात, पाच मिनिटांचं काम, फुकट असतं.

खानापूर तालुका

ताई, माझी आजी तुरटीच्या पाण्यानं धुवायला सांगायची आणि कडुलिंबाच्या पाल्याची धुरी द्यायची. आमच्या नंदगडकडं बाळंतिणीला अजून शेक-धुरी देतात. गोळ्यांनी उष्णता वाढते. आधी हे करून बघा, बरं वाटेल.

निवृत्त सिस्टर, शहापूर

तुमच्या आजीनं मायेनंच सांगितलं असणार, त्या काळी दुसरं होतं तरी काय. पण तुरटीनं आतली नाजूक कातडी आक्रसते, कोरडी होते, बारीक चिरा पडतात. धुरीनं भाजलेल्या दोघी मी स्वतः मलमपट्टीला घेतल्या आहेत. आत दही लावणं, लसूण ठेवणं, हेही ऐकते हल्ली. नका करू. दही ताटात चांगलं. आणि "उष्णता" म्हणून औषध अर्धवट सोडणाऱ्या बायकाच महिन्यानं परत यायच्या.

स्लाइडवाली, निपाणी

मी लॅब टेक्निशियन आहे. रिपोर्टवरचे शब्द सोडवून सांगते, कारण कागद हातात घेऊन बाई आमच्या खिडकीपाशी उभी राहते आणि आम्हाला वेळ नसतो. त्याचं मला नेहमी वाईट वाटतं.

१९८३ मध्ये अॅम्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार खुणा ठरवल्या, त्या अजून वापरतात. पातळ एकसारखा स्राव, पीएच ४.५ च्या वर, व्हिफ टेस्ट आणि क्लू सेल्स. चारांपैकी तीन असल्या की निदान पक्कं. तुमच्या चारही आहेत. व्हिफ म्हणजे स्रावाच्या थेंबावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि वास घ्यायचा. मासळीचा वास भप्पकन आला की पॉझिटिव्ह. हो, आम्ही खरंच नाकानं घेतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आमचं ते रोजचं काम आहे.

क्लू सेल म्हणजे तुमच्याच आतल्या कातडीची पेशी. चांगल्या पेशीची कड सूक्ष्मदर्शकातून स्वच्छ दिसते. या आजारात तिच्यावर बारीक जिवाणू असे चिकटतात की रव्यात घोळवलेल्या तुकडीसारखी दिसते, कड सापडतच नाही. १९५५ मध्ये गार्डनर आणि ड्यूक्स या दोघांनी हा जिवाणू आणि हा आजार जोडून दाखवला, गार्डनेरेला हे नाव त्यातूनच आलं. मोठ्या लॅबमध्ये स्लाइडला, म्हणजे स्राव लावलेल्या काचेला, ग्रॅम नावाचा रंग देऊन ० ते १० गुण देतात, त्याला न्यूजंट स्कोअर म्हणतात. ७ किंवा त्याहून जास्त आले तर हाच आजार, ३ पर्यंत ठीक, मधले अधलेमधले.

तपासणीला जाताना पाळीत जाऊ नका, आदल्या दिवशी संबंध नकोत, धुऊन किंवा क्रीम लावून येऊ नका. रक्तानं आणि वीर्यानं पीएच वर जातो, क्रीमनं स्लाइड खराब होते. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका येतात. दिवसभराच्या घामानंतर तशाच कशा जायचं म्हणून आधी घासून धुऊन येतात, आणि रिपोर्टमध्ये काही सापडत नाही.

खासगी दवाखान्यात न तपासता पाकीट दिलं त्याबद्दल थोडं. जिथं सूक्ष्मदर्शक नाही तिथं लक्षणांवरून औषध द्यायची रीत सरकारनंच घालून दिली आहे. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे असल्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात, हिरव्या रंगाचं किट मिळतं. त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, म्हणजे जिवाणू आणि बुरशी दोन्हींवर एकदाच. पहिल्या खेपेला ते ठीक. पण परत आलं तर स्लाइड बघितलीच पाहिजे, नुसतं किटवर किट नको.

चिकोडीची मावशी

मला हे चार वेळा झालं. धाकटीच्या वेळी पाचवा महिना होता तेव्हाही. तेव्हा मी गप्प बसले, गरोदरपणात जातंच पांढरं म्हणून. तपासणीला सिस्टरनी स्वतःहून विचारलं म्हणून निघालं. डॉक्टर म्हणाल्या, यामुळं दिवस भरायच्या आधी कळा येण्याची भीती वाढते, वास असेल तर औषध घ्यायचंच. मेट्रोनिडाझोलच दिलं होतं, मुलगी आता दुसरीत आहे. पोटुशी बाईनं मेडिकलमधून स्वतःच्या मनानं काही घेऊ नये, विशेषतः ती १५० ची गोळी.

बस फुकट आहे ना आता. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना शून्य रुपयांचं तिकीट, आधार दाखवलं की झालं. पूर्वी बेळगावला जायचं म्हणजे घरात पैसे मागायला लागायचे आणि कशाला जातेस ते सांगायला लागायचं. आता मी बाजाराला जाते म्हणून निघते आणि दाखवून येते.

कन्नडचं म्हणाल तर मी हे पाठ केलंय. "बिळी सेरगू" किंवा "बिळी मुट्टू" म्हणजे पांढरं जाणं. "वासनी बरतद, तुरिकी इल्ल." वास येतो, खाज नाही. एवढं बोललं की डॉक्टर लगेच नीट विचारतात.

वडगावची सून

आज सहावा दिवस. वास नाही. चौथ्या दिवशी सकाळी उठल्यावर कळलं, आणि मी न्हाणीघरात बसून रडले. तोंडाची चव सिस्टरअक्कांनी सांगितली तशीच. धुणं बंद केलं. पहिले दोन दिवस अवघड गेलं, हात आपोआप बाटलीकडं जायचा.

पण मावशींचं वाचून भीती बसली. चार वेळा? माझं परत येणार का? आणि नवऱ्याला काहीच औषध नाही, हे बरोबर आहे का?

निवृत्त सिस्टर, शहापूर

खोटा धीर देत नाही. परत येतं. निम्म्याहून जास्त जणींना वर्षाच्या आत पुन्हा होतं, आणि यात बाईचा दोष नसतो. हे जिवाणू एकेकटे राहत नाहीत, चिकट साय धरून बसतात. हौदाच्या भिंतीला शेवाळ असतं ना, पाणी उपसलं तरी भिंत बुळबुळीतच राहते, तसं. गोळी वरचे मारते, सायीखालचे काही उरतात. त्यात विरजण परत धरायला वेळ लागतो. परत आलं तर घाबरून मेडिकलमध्ये जायचं नाही, स्लाइड करून घ्यायची. वरचेवर होणाऱ्यांना आधी पूर्ण औषध आणि मग मेट्रोनिडाझोलचंच जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने, असंही देतात.

नवऱ्याचं विचारलंस ते फार चांगलं केलंस. माझी भाची गडहिंग्लजला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तिला काल रात्री फोन करून विचारलं. मी नोकरीत होते तोवर आम्ही ठाम सांगायचो की पुरुषाला औषधाची गरज नाही. आधीच्या अभ्यासांत पुरुषांना नुसती गोळी देऊन फायदा दिसला नव्हता. पण मार्च २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापून आला. एकमेकांशीच संबंध असलेली १६४ जोडपी होती. निम्म्या जोडप्यांत पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडाझोल ४०० दोनदा दिलं, आणि लिंगाच्या कातडीला क्लिंडामायसिनचं २ टक्क्यांचं क्रीम दिवसातून दोनदा लावायला दिलं. बारा आठवड्यांत जिथं फक्त बाईनं औषध घेतलं तिथं १०० पैकी ६३ जणींना परत झालं, जिथं दोघांनी घेतलं तिथं ३५ जणींना. फरक एवढा स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवला. याचा अर्थ हे जिवाणू पुरुषाच्या कातडीवर, मूत्रमार्गात बसून राहतात आणि परत येतात. त्याला स्वतःला काही जाणवत नाही.

म्हणजे इतकी वर्षं मी कितीतरी जणींना सांगितलं, "नवऱ्याला काही नको." तेव्हा जे माहीत होतं ते सांगितलं, तरी आता त्या बायकांचे चेहरे आठवतात.

तुझी ही खरी पहिली नीट झालेली खेप आहे, आधीच्या तीन चुकीच्या औषधावर गेल्या, आणि ते पाकीट न तपासताच दिलेलं. म्हणून आता फेरतपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार, दोघांनी मिळून घ्यायचं का. त्यांचं ऐक. तोवर निरोध वापरा, त्यानंही परत येणं कमी होतं. आणि नवऱ्याला हे सांगताना "तुझ्यामुळं" असा शब्द काढू नकोस. दोघांच्या अंगावर एकच जंतू फिरतोय, एवढंच सांग.

स्लाइडवाली, निपाणी

सिस्टर म्हणतात ते बरोबर. एक जोडते. वास गेला, त्रास नाही, तर लगेच पुन्हा स्लाइड करायची गरज नसते. उगी पैसे घालू नका. पण हा आजार तसाच ठेवला तर ट्रायकोमोनास, गोनोरिया, एचआयव्ही लागण्याची शक्यता वाढते, कारण आंबटपणाची भिंतच पडलेली असते. तांबी बसवणं, पिशवी साफ करणं असं काही करायचं असेल तर आधी हे बरं करून घेतलेलं चांगलं.

वडगावची सून

तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते. मधे पाळी येऊन गेली. पाचव्या दिवशी मी भीतभीतच होते. वास नाही.

नवऱ्याला सांगितलं. रात्री माग बंद झाल्यावर, पोरं झोपल्यावर. तोंडानं सांगता येईना, म्हणून सिस्टरअक्कांनी लिहिलेलं फोनवर उघडून हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "एवढे महिने एकटीच का सोसलीस?" मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी अर्धा दिवस माग बंद ठेवून ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले, बाहेर बाकड्यावर बायकांच्या रांगेत बसून राहिले. मी "वासनी बरतद" च्या ऐवजी "वासनी होयतु" म्हणाले, म्हणजे गेला. डॉक्टर हसल्या, खुर्ची ओढून बस म्हणाल्या. अभ्यासाचं विचारलं, त्यांना माहीत होतं. आता बरं आहे तर थांबू, परत आलं तर दोघांना एकदम देऊ, असं ठरलं. चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलंय.

दुकानात परवा लग्नाचा बस्ता होता, येळ्ळूरची माणसं. अकरा बायका, दोन तास. मी गादीच्या पुढच्या कडेला बसले होते.

आता दुसरं विचारायचं आहे. जाऊबाईंनी काल भांडी घासताना हळूच विचारलं, तुला कुठल्या डॉक्टरनी बरं केलं म्हणून. त्यांना घट्ट, दह्यासारखं जातं आणि खाजेनं रात्र-रात्र झोप नाही. त्यांना साखर आहे, गोळ्या चालू आहेत पण तपासणी वर्षभर केलेली नाही. सिस्टरअक्का, हे ते बुरशीचं असेल का? आधी साखर तपासायची की आधी हे? गुरुवारी मी त्यांना घेऊन जाणार आहे.

निवृत्त सिस्टर, शहापूर

लक्षणं बुरशीचीच वाटतात, पण स्लाइड बघूनच औषध. दोन्ही एकाच दिवशी करून घे. साखर वाढलेली असली की बुरशी पुन्हापुन्हा येते, नुसत्या गोळीनं राहत नाही. सकाळी उपाशीपोटी ने, आधी रक्त द्या, मग डबा खायला द्या त्यांना आणि मग ओपीडीत बसा. साखरेच्या गोळ्यांचं जुनं पाकीट बरोबर ठेव, डॉक्टर नाव विचारतील. आणि आदल्या दिवशी त्यांना धुऊ देऊ नकोस.